औषध कोणास द्यावें ?

राजांच्या लढाया, तह आणि वंशावळी यांचा इतिहास आपण शाळेंत शिकतों. परंतु औषधाच्या बाटलीलाहि इतिहास असतो, आणि तोहि राज्यकारभाराचाच इतिहास होय, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. घरांतील माणूस आजारी पडलें म्हणजे आपण दागिना मोडतों, कर्ज काढतों, पण औषध आणतों. तेथें हिशेब करणें आपणांस निर्दयपणाचें वाटतें. पण तेंच औषध सर्वांच्या पैशांतून सर्वांस द्यावयाचें झालें, म्हणजे हिशेब केल्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. एकावर खर्च केलेला पैसा दुसऱ्यावर पुनः खर्च करतां येत नाहीं. मग कोणतें औषध द्यावें, कोणतें देऊं नये, हें कोणीं आणि कशाच्या आधारें ठरवावें ? ब्रिटनमध्यें या प्रश्नाचा पाऊणशें वर्षें ऊहापोह झाला, आणि तोहि बऱ्याच अंशीं लोकांच्या डोळ्यांदेखत. त्या अनुभवाची हकीकत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

१९४८ च्या आरंभीं स्कॉटलंडमधील हेअरमायर्स रुग्णालयांत एक क्षयरोगी लेखक अंथरुणास खिळून होता. त्याचें जन्मनांव एरिक ब्लेअर. बिहारमधील मोतीहारी येथें १९०३ सालीं तो जन्मला, आणि जगास तो जॉर्ज ऑर्वेल या नांवानें ठाऊक आहे. क्षयावर तोंवर खात्रीचें औषध असें नव्हतें. परंतु १९४३ सालीं अमेरिकेंत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकास स्ट्रेप्टोमायसीन सांपडलें होतें, आणि त्याची कीर्ति अटलांटिक ओलांडून आली होती. औषध मात्र आलें नव्हतें. महायुद्धानें ब्रिटनची तिजोरी रिकामी केली होती; परदेशी मालासाठीं लागणारे डॉलर मोजून मापून खर्च होत असत. ऑर्वेलचे मित्र डेव्हिड ॲस्टर हे वजनदार गृहस्थ. त्यांनीं खटपट केली, आणि आरोग्यमंत्री ॲनायरिन बेव्हन यांची संमति मिळून औषध अमेरिकेहून आलें. हे बेव्हन पूर्वी 'ट्रिब्यून' साप्ताहिकाचे संपादक होते आणि ऑर्वेल त्याच पत्रांत काम करीत असे. पण ऑर्वेलच्या शरीरास तें औषध मानवलें नाहीं. अंगावर पुरळ उठलें, तोंडांत फोड आले, नखें झडूं लागलीं, आणि उपचार थांबवावा लागला. उरलेलें औषध दोघां डॉक्टरांच्या पत्नींस देण्यांत आलें व त्या दोघीहि बऱ्या झाल्या, अशी आठवण त्या रुग्णालयांतील एका डॉक्टरानें सांगितली आहे. ऑर्वेल जुलैमध्यें घरीं गेला, आपली शेवटची कादंबरी त्यानें पुरी केली, आणि १९५० च्या जानेवारींत तो वारला.

या प्रसंगांत कोणाचें वर्तन दुष्टपणाचें होतें असें म्हणवत नाहीं. मित्रानें मित्रासाठीं केलें, मंत्र्यानें एका गुणी लेखकासाठीं केलें, डॉक्टरांनीं उरलेलें औषध वायां जाऊं दिलें नाहीं. तथापि त्याच वर्षीं ब्रिटनमध्यें हजारों क्षयरोगी खोकत पडलेले होते. त्यांना ॲस्टरसारखा मित्र नव्हता, आणि त्यांच्यांतील कोणाची बायको डॉक्टराची नव्हती. औषध अपुरें असलें आणि नियम नसला म्हणजे तें ओळखीच्या वाटेनें जातें.

याच सुमारास याच औषधाची वांटणी दुसऱ्या एका वाटेनेंहि चालली होती. वैद्यकीय संशोधन मंडळाच्या हातीं स्ट्रेप्टोमायसीनचा थोडासा साठा आला होता. मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्वांगांत पसरणारा तीव्र क्षय हे तेव्हां निश्चित मरणाचे प्रकार. त्या रोग्यांचा हक्क प्रथम मानला गेला. जें उरलें तें फुप्फुसाच्या क्षयाच्या सर्व रोग्यांस पुरणें शक्यच नव्हतें. तेव्हां ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें कीं, औषध सर्वांस देतांच येत नाहीं, तर निदान तें अशा रीतीनें द्यावें कीं त्याचा गुण निर्विवाद कळेल. १९४७ च्या जानेवारीपासून रोग्यांची विभागणी मोहोरबंद लिफाफ्यांनीं होऊं लागली. लिफाफा फोडावा, आंत 'स्ट्रेप्टोमायसीन' निघालें तर औषध, नाहीं तर तेव्हां रूढ असलेली अंथरुणावरील विश्रांति. सहा महिन्यांनंतर पाहतां, औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकीं ४ मेले होते, विश्रांति मिळालेल्या ५२ पैकीं १४. पुढें औषधास न जुमानणारे जंतु उत्पन्न होऊन हा लाभ बराच ओसरला, आणि स्ट्रेप्टोमायसीनच्या जोडीला दुसरें औषध द्यावें लागतें हें कळून आलें. पण हें कळलें तेंहि याच पद्धतीनें.

चिठ्ठी टाकून माणसांचें आयुष्य ठरवावें हें प्रथमदर्शनीं क्रूर वाटतें. आणि दुसऱ्या गटांतील रोग्यांना आपण एका प्रयोगांत आहोंत हें सांगितलेंहि नव्हतें, हा दोष आज कोणी झांकूं म्हणेल तर झांकला जाणार नाहीं. परंतु लिफाफा कोणाची ओळख विचारीत नव्हता, ही गोष्टहि खरी आहे. शिवाय त्या ५२ जणांच्या वांट्याला जें आलें त्यांतून पुढील लाखोंस उपयोगी पडेल असें ज्ञान निघालें.

५ जुलै १९४८ रोजीं तिसरी वाट उघडली. त्या दिवशीं ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. वैद्य, रुग्णालय, औषध, चष्मा, दांतांची कवळी हें सारें गरीब-श्रीमंत सर्वांस फुकट मिळूं लागलें, आणि खर्च मुख्यत्वें करांतून होऊं लागला. ही सेवा उभारणारे मंत्री तेच बेव्हन. लोक एकदां निरोगी झाले म्हणजे खर्च आपोआप स्थिरावेल, अशी कित्येकांची भोळी समजूत होती. प्रत्यक्षांत वर्षानुवर्षें चष्म्यावांचून चांचपडणारे आणि कवळीवांचून जेवणारे लोक दारांत उभे राहिले, आणि अंदाज कोसळले. १९४९ च्या ऑक्टोबरांत खुद्द बेव्हन यांनीं, ब्रिटिशांच्या घशांत औषधांचा जो अखंड धबधबा कोसळत आहे त्याच्या विचारानें आपल्या अंगावर कांटा येतो, अशा अर्थाचे उद्गार काढले. औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकार घेण्याचा अधिकार देणारा कायदा त्याच साली झाला. त्याची अंमलबजावणी मात्र झाली नाहीं. १९५१ च्या अंदाजपत्रकांत कवळी आणि चष्मा यांवर आकार बसला, तेव्हां बेव्हन यांनीं राजीनामा दिला. आणि चिठ्ठीवरील शिलिंग १९५२ सालीं दुसऱ्या पक्षाच्या सरकारनें प्रत्यक्षांत घेतला. १९६५ सालीं तो आकार रद्द झाला, १९६८ सालीं पुनः आला. पुढें वेल्स, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंड यांनीं तो काढून टाकला; इंग्लंडनें मात्र अनेकांस सूट देऊन ठेवला.

शिलिंगाचा हा वाद बराच गाजला; परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें त्यांत एक मोठी उणीव होती. औषध गुणकारी आहे कीं निरुपयोगी, हें शिलिंग पाहत नाहीं. तो जीव वांचविणाऱ्या औषधावर जेवढा, तेवढाच रंगीत पाण्यावर. आणि अडवितो तो गरजेच्या माणसास नव्हे, गरीब माणसास. औषधाची पारख करावयाची तर निराळीं साधनें हवीं होतीं, आणि तीं एकएक करून आलीं. गर्भवती स्त्रियांनीं घेतलेल्या थॅलिडोमाइडमुळें हजारों मुलें व्यंग घेऊन जन्मलीं. १९६१ सालीं तो अनर्थ उघडकीस आल्यावर औषध निर्धोक आहे काय, हें पाहणारी समिति १९६३ सालीं नेमली गेली, आणि १९६८ सालीं औषधांचा कायदा झाला. औषध खरोखर गुण देतें काय, हा दुसरा प्रश्न. ब्रॅडफर्ड हिल यांच्या पाठांस हजर राहिलेले आर्ची कॉक्रन हे वैद्य जर्मनांच्या कैदेंत असतां जवळजवळ औषधांवांचून शेंकडों कैद्यांची शुश्रूषा करून आले होते. वैद्यकाचे कितीतरी उपचार केवळ संवयीनें चालले आहेत आणि ते लिफाफ्याच्या कसोटीस लावलेच पाहिजेत, असें त्यांनीं १९७२ सालीं एका लहानशा पुस्तकांत निर्भीडपणें मांडलें. १९८५ सालीं सरकारनें खोकल्याचीं औषधें, रेचकें, आम्लनाशकें, शक्तिवर्धकें, जीवनसत्त्वें, किरकोळ वेदनाशामकें आणि गुंगी आणणारीं औषधें अशा सात वर्गांतील पुष्कळ नांवें सरकारी खर्चांतून वगळलीं. कारखानदार आणि कित्येक डॉक्टर संतापले. पण रोगी विशेष दगावले असें कांहीं दिसून आलें नाहीं.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : औषध निर्धोक आहे, गुणकारीहि आहे, पण त्याच्या किंमतीइतका गुण तें देतें काय ? आस्ट्रेलियानें हा प्रश्न १९९३ पासून प्रत्येक नव्या औषधास विचारण्याचा नियम केला. ब्रिटनमध्यें मात्र तो ज्या त्या जिल्ह्याचे अधिकारी आपापल्या परी सोडवीत. परिणाम असा झाला कीं, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या विकारावरील बीटा-इंटरफेरॉन रस्त्याच्या एका बाजूस मिळे, दुसऱ्या बाजूस मिळत नसे. लोक यास टपाली पत्त्याची सोडत म्हणूं लागले. १९४७ ची सोडत ज्ञानासाठीं होती; या सोडतींतून कोणास कांहींच शिकावयास मिळत नव्हतें.

म्हणून १९९९ च्या एप्रिलांत एक स्वतंत्र संस्था निघाली. तिच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाइस' म्हणतात. इंग्रजींत या शब्दाचा अर्थ 'छान' असा होतो, आणि टीकाकारांनीं त्यावर पुष्कळ कोट्या केल्या आहेत. सर मायकेल रॉलिन्स हे तिचे पहिले अध्यक्ष. तिची रीत अशी : औषधाविषयींचे सर्व पुरावे मागवावयाचे, कारखानदार, डॉक्टर आणि रोग्यांच्या संघटना यांचें म्हणणें ऐकावयाचें, निर्णयाचा मसुदा कारणांसह प्रसिद्ध करावयाचा, आणि अपिलास वाव ठेवावयाचा. २००२ पासून, या संस्थेनें मान्य केलेल्या औषधासाठीं तीन महिन्यांच्या आंत पैसे उपलब्ध करणें आरोग्यसेवेवर बंधनकारक झालें.

तिचें माप समजून घेण्यासारखें आहे. पूर्ण आरोग्यानें जगलेलें एक वर्ष म्हणजे एक एकक. अर्ध्या आरोग्यानें काढलेलीं दोन वर्षें मिळूनहि एकच एकक. समजा, एखाद्या नव्या औषधास जुन्यापेक्षां २४ हजार पौंड अधिक पडतात आणि त्यानें अर्ध्या आरोग्याचीं दोन वर्षें वाढतात. तर एका एककाची किंमत २४ हजार पौंड झाली. संस्थेनें सामान्यतः एका एककास २० ते ३० हजार पौंडांपर्यंत किंमत योग्य मानली, आणि ही मर्यादा वीसहून अधिक वर्षें टिकली. आयुष्यास असा भाव लावणें कित्येकांस पाप वाटतें. वृद्धाच्या किंवा अपंगाच्या आयुष्यास या मापानें कमी मोल येतें काय, ही शंकाहि खोटी नाहीं; तिचें पूर्ण समाधान आजवर कोणीं केलेलें नाहीं. परंतु माप नसेल तर मोजणी थांबत नाहीं, ती फक्त मनांतल्या मनांत होते, हें विसरतां कामा नये.

संस्थेची परीक्षा लगेच झाली. इन्फ्लुएंझावरील रेलेन्झा हें औषध आजार जेमतेम एखाद्या दिवसानें कमी करतें, असें पाहून तिनें १९९९ च्या ऑक्टोबरांत तें नाकारलें. ग्लॅक्सो वेलकम कंपनीच्या प्रमुखांनीं देश सोडून जाण्याची भाषा केली. तरी सरकार त्या वेळीं डगमगलें नाहीं. पुढील वर्षीं नवा पुरावा पाहून संस्थेनें अधिक धोका असलेल्या रोग्यांपुरतें तें मान्य केलें. २००२ सालीं तिनें बीटा-इंटरफेरॉन नाकारलें. तेव्हां मात्र सरकारनें कंपन्यांशीं निराळा करार करून तें देऊं केलें. स्तनाच्या कर्करोगावरील हर्सेप्टिनच्या बाबतींत एका स्त्रीला न्यायालयांत जावें लागलें. तिच्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनीं सांगितलें कीं, आम्हांस पैशाची अडचण नाहीं, पण हें औषध अपवादात्मक रोग्यासच देऊं. आणि अपवाद म्हणजे काय हें मात्र त्यांना सांगतां येईना. २००६ च्या एप्रिलांत अपील न्यायालयानें हें धोरण तर्कशून्य ठरविलें. या निकालाचें मर्म मला फार मोलाचें वाटतें. पैसा पुरत नाहीं असें उघड म्हणून कारणांसह नाकारणें कायद्यांत बसूं शकलें असतें. न टिकलें तें कारणावांचून नाकारणें.

पुढें कर्करोगाच्या औषधांविषयीं लोकांचा क्षोभ इतका वाढला कीं, संस्थेनें नाकारलेलीं औषधें देण्यासाठीं सरकारनें एक निराळा निधि काढला. २०१० पासून २०१६ पर्यंत त्यांत सुमारे १२७ कोटि पौंड खर्च झाले. नंतर संशोधकांनीं त्यांतील ४७ उपचारांची तपासणी केली, तेव्हां आयुष्य वाढल्याचा भक्कम पुरावा अवघ्या १८ उपचारांच्या बाबतींत होता, आणि त्यांतहि वाढ बहुधा तीन महिन्यांच्या आसपास होती. ज्यांनीं तो निधि मागितला त्यांचें दुःख खरें होतें. मरणाच्या दारांत असलेला माणूस दूरदर्शनवर दिसतो. त्याचा चेहरा, त्याचीं मुलें आपण पाहतों. परंतु त्याच पैशांत जिची देखरेख झाली असती ती मधुमेही वृद्धा, ज्याचा मनोविकार वेळींच ओळखला गेला असता तो मुलगा, हे कोणासहि दिसत नाहींत; आपलें कांहीं हिरावलें गेलें हें त्यांचें त्यांनाहि कळत नाहीं. यॉर्क येथील अर्थशास्त्रज्ञांनीं या अदृश्य माणसांचा अंदाज करण्याचा यत्न केला. त्यांच्या मतें आरोग्यसेवा आपल्या नेहमींच्या कामांतून सुमारे १३ हजार पौंडांत पूर्ण आरोग्याचें एक वर्ष मिळवीत होती. त्यांच्या पद्धतीवर वाद आहेत. पण अंदाज स्थूलमानानें खरा असेल, तर ३० हजार पौंडांच्या औषधानें एकास एक वर्ष देतांना दुसऱ्या कोणाचीं दोन वर्षें काढून घेतलीं जात होतीं.

२०२५ च्या डिसेंबरांत अमेरिकेशीं झालेल्या व्यापारी समझोत्यांत ब्रिटिश सरकारनें ही मर्यादा २५ ते ३५ हजार पौंडांपर्यंत वाढविण्याचें मान्य केलें. मर्यादा वाढविण्यास चांगलीं कारणें असूं शकतील. इतक्या वर्षांच्या महागाईचें कारणच पुरेसें होईल असें कोणी म्हणेल. परंतु रोग्यांचा विचार करून आंखलेली रेषा जकातीच्या वाटाघाटींत सरकली, ही गोष्ट इतिहासानें टिपून ठेवण्यासारखी आहे. १९४८ सालीं औषध ओळखीनें सरकलें होतें. आतां ओळखीच्या जागीं बलिष्ठ राष्ट्राचा दाब आला, एवढाच फरक नव्हे काय?

या साऱ्यावरून कोणी असें समजेल कीं, हिशेब म्हणजे केवळ नकाराची कला. तसें नाहीं, याचा दाखला आपल्याच देशांत घडला आहे. १९५६ सालीं मद्रास येथें त्याच ब्रिटिश संशोधन मंडळाच्या साहाय्यानें, जागतिक आरोग्य संघटना, आपलें वैद्यकीय संशोधन मंडळ आणि मद्रास सरकार यांनीं क्षयाविषयीं एक प्रयोग केला. क्षयरोग्यास सॅनिटोरियम, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांति हवीच, अशी जगभर समजूत होती. परंतु भारतांत रोगी लाखोंनीं आणि खाटा मूठभर. म्हणून कांहीं रोग्यांस सॅनिटोरियममध्यें व कांहींस मद्रासच्या गरीब वस्त्यांत त्यांच्या घरींच ठेवून एक वर्ष तींच औषधें दिलीं. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरीं राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांस रोगाची बाधा अधिक झाली नाहीं. सॅनिटोरियमची गरज नाहीं हें गरीब देशानें श्रीमंत देशांस दाखविलें, आणि वांचलेल्या पैशांत कितीतरी अधिकांस औषध मिळणें शक्य झालें. 'हें खरेंच लागतें काय ?' हा प्रश्न कंजूषपणाचा वाटला, तरी अनेकांच्या वांट्याला औषध आलें तें तो विचारल्यामुळेंच.

जागतिक आरोग्य संघटनेनें १९७७ सालीं अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली. भारतानें आपली राष्ट्रीय यादी १९९६ सालीं काढली, आणि २०२२ च्या यादींत ३८४ औषधें आहेत. उपचारांचा खर्च आणि गुण तोलून पाहणारी व्यवस्थाहि केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागांत २०१७ पासून आहे. परंतु यादींत नांव असणें आणि सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर तें औषध हातीं पडणें, यांत अंतर आहे, हें त्या खिडकीसमोर उभें राहिलेल्या कोणासहि सांगावयास नको. 'औषध संपलें, बाहेरून आणा' हा जो निरोप तेथें मिळतो, तोहि एक निर्णयच असतो. तो कोणीं घेतला आणि कां घेतला, हें मात्र कधीं कळत नाहीं.

ब्रिटनच्या अनुभवाचा बोध मला एवढाच दिसतो कीं, सर्वांस सर्व देणें कोणत्याहि राज्यास जमलेलें नाहीं, जमण्यासारखेंहि नाहीं. कोणास तरी 'नाहीं' म्हणावें लागतें. पण ज्यास 'नाहीं' म्हटलें त्याला तें कोणीं म्हटलें, कोणत्या कारणानें म्हटलें आणि पुनः कोणाकडे दाद मागावी, हें कळलें पाहिजे. तसें कळण्याची सोय असणें हा रोग्याचा हक्क आहे. आणि जी व्यवस्था तेवढें करते, तिच्यावर चिडण्याचा हक्कहि आपणांस तिच्यामुळेंच मिळतो.